आवाज पुढे गेला

सांगोल्याच्या पुढे माझी मोटरसायकल बंद पडली, पण तिचा आवाज बंद पडला नाही. तो तसाच पुढे गेला.

आधी वाटलं, दुसरंच कोणीतरी मला मागे टाकून गेलं असेल. पण रस्ता सरळ होता, दोन्हीकडे डाळिंबाच्या बागा, आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शिवाय तो आवाज माझ्याच गाडीचा होता. चढावर लागणारी धाप, सायलेन्सरच्या ढिल्या पट्टीची किणकिण, सगळं ओळखीचं. आवाज माझ्या पुढच्या चाकापासून सुटला, ओढ्यावरच्या पुलावर नेहमी घुमतो तसा घुमला, आणि वळणापलीकडे ऐकू येईनासा झाला. तेवढ्यात गाडी माझ्याखाली हळूहळू थांबली.

उतरून तिला स्टँडवर लावलं. स्टँड वाजला नाही. किक मारली, पाय खाली गेला, वर आला, बाकी काही नाही. टाकीवर टिचकी मारली. पेट्रोल किती आहे ते मला टिचकीवरून कळतं, पण टिचकीही मुकी होती. झाकण उघडून डोळ्यांनी पाहिलं तर पेट्रोल पुष्कळ होतं.

मी डोळ्यांच्या धंद्यातलाच माणूस. यवतमाळला माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावण्यात माझा जन्म गेला. कानांवर मी कधी फार विसंबलो नाही, म्हणून आवाज गेल्याचं मला पहिल्यांदा तितकंसं वाईट वाटलं नाही. गाडी तर इथेच होती. दिसत होती. मग मुक्ताची आठवण झाली.

मुक्ता म्हणजे माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. त्याच संध्याकाळी, गोरज मुहूर्तावर, करंजवाडीला तिचं लग्न होतं. आमच्याकडे नवरीला खोलीतून मांडवात आणायचं काम मामाचं. बाप कितीही मोठा असो, ते त्याला करता येत नाही. गुरुजी मामाला हाक मारतात, मामा मुलीला आणून अंतरपाटाच्या अलीकडे उभं करतो आणि तिच्या पाठीशी थांबतो. मी सडाफटिंग माणूस. मला लेकरू असं एकच, तेही बहिणीचं. हा एक मान मी तिच्या बारशापासून मनात जपून ठेवला होता.

रेल्वेनं निघालो असतो तर आदल्या दिवशीच पोचून लाडू वळत बसलो असतो. पण मुक्तानं फोनवर बजावलं होतं, "मामा, तू त्याच गाडीवर ये. तुझ्या गाडीचा आवाज ऐकल्याशिवाय मी खोलीबाहेर पाऊल टाकणार नाही." उन्हाळ्याच्या सुटीत ती आमच्याकडे यायची तेव्हा याच टाकीवर पुढे बसायची आणि प्रत्येक वळणावर म्हणायची, "मामा, हळू." मी मुळातच हळू चालवायचो, तरी म्हणायची. मग मोठी झाली, मागे एका बाजूला पाय सोडून बसायला लागली, पण म्हणणं तेच. तिच्या हौसेपायी मी नांदेड, लातूर, सोलापूर करत, अंगाचं पार लाकूड करून घेत इथवर आलो होतो.

गाडी ढकलत निघालो. चाकं फिरत होती, खडी चाकाखाली येत होती, पण कापसावरून जावं तसा आवाज कसलाच नव्हता. पुढे एक धनगर मेंढरं घेऊन येताना दिसला. त्यानं मला पाहून भुवया उंचावल्या.

"आत्ताच गेलासा की तुम्ही," तो म्हणाला.

"मी नव्हतो. माझा आवाज होता."

"आसंल. पर लई घाईत हुता. मेंढरं बाजूला झाली, मी बी झालो."

"गाडी दिसली का तुम्हाला?"

"गाडी कोण बघतंय," तो म्हणाला. "आवाज आला की बाजूला व्हायचं."

त्याचंही खरं होतं. मी डाळिंबाच्या बांधावर बसून बहिणीला फोन लावला. तिचं नाव शकुंतला, मी तिला ताई म्हणतो. लग्न होऊन करंजवाडीला गेली त्याला जमाना झाला, तरी माझ्याशी बोलताना ती अजून यवतमाळचीच असते.

"काय रे दिगू," तिनं विचारलं, "दारात उभा राहून फोन काहून करून राह्यला?"

"ताई, मी नाही आलो अजून. गाडी बंद पडली माही."

"मजाक करू नको. तुह्या गाडीचा आवाज मले समजत नाही का? हे काय, मांडवाच्या दाराशी गुरगुरून राह्यली. मुक्तानं खोलीतूनच ओळखली. मामा आला म्हणे, आता मी तयार होते."

फोनमधून मला माझी गाडी ऐकू येत होती. जागच्या जागी चालू ठेवली की मधूनच ठसकते तशी ठसकत होती.

"ताई, तो मी नाही. नुसता आवाज हाये."

ती हसली. "मंग तिले आवाजच पाहिजे होता ना."

"अन् साडी? साडी त माह्यापाशी हाये."

लग्नात नवरी मामाची पिवळी साडी नेसते. ती मी सीटमागे पिशवीत बांधून आणली होती. ती नेसल्याशिवाय मुक्ता बाहेर येऊ शकत नाही, हा माझा हुकमाचा पत्ता होता.

"कायची तुह्यापाशी?" ताई म्हणाली. "नेसून बसली ते. सळसळ इथपर्यंत ऐकू येऊन राह्यली. ये आता आत. उन्हात उभा राहू नको."

फोन ठेवून मी पिशवी उघडली. साडी होती. अस्सल रेशीम, दुकानदारानं माझ्यासमोर झटकली तेव्हा साऱ्या दुकानात तिची सळसळ झाली होती. मी ती झटकली. ती उघडली आणि मिटली. तिच्यातून काहीच ऐकू आलं नाही.

आता मात्र मी घाबरलो. गाडी ढकलत, मधे मधे पळत, वळणापलीकडे गेलो तर रस्त्याकडेला पत्र्याची एक शेड होती आणि तिच्यावर पाटी: जालिंदर मिस्त्री. मिस्त्री जाडजूड, कपाळाला आठ्या, पायाशी उघडं पडलेलं दुसरं इंजिन. मी काही सांगायच्या आत त्यानं लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला, त्याचं टोक माझ्या इंजिनावर टेकवलं आणि मुठीला कान लावला. सगळे जुने मिस्त्री असंच करतात. लोखंडातून आवाज मुठीत येतो आणि आतलं दुखणं कळतं. त्यानं जागा बदलून पुन्हा ऐकलं. आठ्या वाढल्या.

"कायच न्हाय," तो म्हणाला.

"बंद पडलीय. म्हणून तर आणली."

"बंद पडल्याल्या गाडीला बी आवाज असतोय. हिला त्यो बी न्हाय. कुठं ठिवलाय आवाज?"

"पुढे गेला."

"मग त्यो आणा. आवाजाबिगर मी काय सांगू काय बिघडलंय? डॉक्टर नाडी बघतोय, का तुमचा फोटू?"

मला राग आला. मी म्हटलं, गाडी समोर उभी आहे, उघडा आणि पाहा. त्यानं माझ्याकडे अडाणी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि हँडलची उजवी मूठ पिळली. मूठ गेली ती परत आली नाही.

"ॲक्सिलेटरची केबल अडकलीया," तो म्हणाला. "म्हंजी त्यो आवाज काय आता बंद व्हायचा न्हाय. जाग्यावर गुरगुरत बसंल. पर एकदा का कुणी मागं बसलं, की सुटला."

"कुठे?"

"रस्ता जाईल तिकडं."

मी त्याला सगळं सांगितलं. मुक्ता, गोरज मुहूर्त, गुरुजी मामाला हाक मारणार, तो आवाज मामा म्हणून उठणार आणि तिला आणायला खोलीत जाणार. मिस्त्री ऐकताना चिंधीनं हात पुसत होता.

"मग ती काय मांडवात थांबत न्हाय," तो म्हणाला.

इतकं साधेपणानं म्हणाला की मला ते लगेच पटलं. मी त्या उघड्या इंजिनाशेजारी खालीच बसलो. मी गयावया केली. माणूस अडला की कोणाकोणाचे पाय धरतो ते म्हण सांगतेच. मला त्याची लाजही वाटत नव्हती.

मिस्त्री आत गेला. मागच्या फळीवर तेलाचे रिकामे डबे ओळीनं लावले होते. एकेका डब्याला कान लावत तो पुटपुटत राहिला. "ह्यो बुलेटचा. तुमच्या गाडीला झेपायचा न्हाय. ह्यो मळणी मशीनचा, ह्यो कसा आला हितं... हां. ह्यो न्या. भिकू गवळ्याचा."

"त्याला नको का?"

"त्यानं आता टेम्पो घेतलाय. ह्यो न्यायला आलाच न्हाय."

त्यानं टाकीत नरसाळं लावलं आणि डबा उपडा केला. डब्यातून काही पडताना दिसलं नाही. मग त्यानं किक मारली आणि माझी गाडी भिकू गवळ्याच्या आवाजात सुरू झाली. जाड, घोगरा आवाज, आणि दोन्ही बाजूंना पत्र्याच्या कॅनांचा खडखडाट. माझ्या गाडीला कॅन नव्हते.

"बंद करू नका," मिस्त्री ओरडून म्हणाला. "बंद पडली तर ह्यो बी जाईल. आन् लवकर पोचा. आवाज बसला की त्याच्या मागनं बाकीचं बी येतंय, हळूहळू."

"बाकीचं म्हणजे काय?"

तो दुसऱ्या इंजिनाकडे वळला होता. मी क्लच सोडणार इतक्यात त्याला काहीतरी आठवलं. "तुमचा आवाज तुम्हीच थांबवायचा बरं का. सोताच्या तोंडानं थांब म्हना, थांबतोय. दुसऱ्या कुणाचं ऐकायचा न्हाय त्यो."

माझ्या जिवात जीव आला. एक शब्द तर म्हणायचा होता. तो फोनवरूनही म्हणता आला असता. चालू गाडीवरच मी ताईला फोन लावला आणि ओरडलो, "ताई, फोन जरा माझ्या गाडीपाशी ने."

"कोण? दूधवाले?" ताई म्हणाली. "आज दूध नगं. लगीन हाय घरात."

"ताई, मी दिगू."

"काय ऐकाय येईना. तुमच्या कॅनांचा दंगा किती. उद्या या."

तिनं फोन ठेवला. ताई माझ्याशी कधी असं बोलत नाही. ते तिचं सासरगावचं बोलणं, परक्यांसाठीचं. पुन्हा लावला तर तिनं उचललाच नाही. लग्नघरात दूधवाल्याचा फोन कोण उचलतो? आणि दिवस कलत होता, म्हणजे सगळीकडे दुधाचीच वेळ झाली होती.

पहिलं गाव लागलं आणि पहिल्या घराशी गाडी आपोआप थांबली. मी मूठ पिळली, गिअर टाकला, ती हलेना. भिकूची गाडी. दाराशी थांबायची तिची रोजची सवय. आतून हिरव्या साडीतली एक बाई पातेलं घेऊन आली आणि पुढे करून उभी राहिली.

"मी दूधवाला नाही," मी सांगितलं. "माझ्या भाचीचं लग्न आहे, मला घाई आहे."

"घाई सगळ्यांनाच आसती," ती म्हणाली. "घाला."

कॅन नव्हता, माप नव्हतं. काय करावं ते कळेना म्हणून मी हात नुसता वाकवला. दूध ओतल्याचा आवाज झाला, बारीक धारेचा, आणि पातेल्याच्या बुडात तो हळूहळू जाड होत गेला. हात मला थांबवता येईना. बाईनं आत पाहिलं आणि म्हणाली, "बस." हात थांबला. ती रिकामं पातेलं दोन्ही हातांनी जपून, हिंदकळू न देता आत घेऊन गेली. गाडी सुटली.

पुढच्या घरी तसंच. त्याच्या पुढच्या घरी तसंच. बाईनं बस म्हटल्याशिवाय हात थांबत नव्हता आणि हात थांबल्याशिवाय गाडी हलत नव्हती. एका घराला कुलूप होतं, मला वाटलं सुटलो, तर शेजारीण म्हणाली, "त्यांचं बी माज्याकडंच घाला," आणि आणखी एक पातेलं आणायला निवांत आत गेली. मी मधल्या रस्त्याला ओठांत एकच शब्द घोळवत होतो. थांब. थांब. थांब. विसरू नये म्हणून नव्हे, तो माझ्या तोंडात आहे ना याची खात्री करायला. उन्हं डाळिंबांच्या शेंड्यांवर आली होती.

त्या गावाच्या टोकाला एक म्हातारी भेटली. तिनं पातेलं धरलं आणि सुनेच्या कागाळ्या सुरू केल्या. सून उशिरा उठते, चहात साखर फार टाकते, मुलगा बायकोच्या मुठीत गेला. मी ओतत होतो. "आज्जी, बस म्हणा," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "तू बी तिच्याच बाजूचा," आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला रडू येत होतं. तेवढ्यात माझ्या हाताला वजन लागलं. पाहतो तर हातात पितळी माप होतं आणि मापातून पांढरंशुभ्र दूध पडत होतं. गाडीच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकत होते, पोचे आलेले, झाकणाखाली ओलं फडकं दिलेले. माझ्या कपड्यांना आंबूस वास येत होता.

"बस," म्हातारी म्हणाली.

बाकीचं यायला लागलं होतं. मी गाडी दामटली आणि ओरडून पाहिलं, "थांब!" शब्द माझाच होता, पण शेवटी जरा लांबला. पुन्हा म्हटलं. पुन्हा लांबला. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. शिल्लक आहे तेवढा करंजवाडीपर्यंत पुरवायचा होता.

करंजवाडी आली तेव्हा गुरं परतत होती आणि धुळीनं सूर्य तांबडा झाला होता. मांडव घराच्या अंगणातच घातला होता. पुढे रस्ता, मग मांडव, मग ओसरी आणि ओसरीवर मुक्ताच्या खोलीचं दार. पायरीपासून मांडवाच्या तोंडापर्यंत रांगोळी काढलेली. गाडी माझी वाट न पाहता बरोबर पायरीशी जाऊन थांबली.

आणि मला माझी गाडी ऐकू आली. ओसरीवर मानाच्या खुर्चीत ती गुरगुरत होती. खुर्चीत कोणी नव्हतं. खुर्चीच्या वर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, एक गुलाबी फेटा बांधलेला होता आणि तो थरथरत होता. मांडीवर ठेवावेत तसे टॉवेल आणि नारळ अधांतरी ठेवले होते, तेही थरथरत होते. मुक्ताचे वडील, म्हणजे माझे दाजी, शेजारी बसून त्या फेट्याशी पावसापाण्याच्या गोष्टी करत होते.

दाजींनी मला पाहिलं. "दूधवाले, जरा बाजूला घ्या गाडी. पोरगी यायची वेळ झाली."

मी पिशवीतून पिवळी साडी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. दुसरा पुरावा माझ्याकडे नव्हता. ही साडी त्यांनी फोटोत पाहिली होती, फोटो मीच पाठवला होता आणि त्यांनी त्यावर "एक नंबर" असं कळवलंही होतं. आता त्यांनी ती दोन बोटांत धरून पाहिली.

"गाळायचं फडकं व्हय? चांगलं मऊ हाय," ते म्हणाले. "पर सोच्छ ठेवत जा."

खोलीचं दार किलकिलं झालं आणि मुक्ताचा चेहरा दिसला. मुंडावळ्या, कपाळावर मळवट, गालाला हळद. अंगात घरातलीच एक विटकी, जांभळी साडी होती, पण ती हलली की रेशमाची सळसळ व्हायची. मांडवातल्या बायका एकमेकींना म्हणत होत्या, काय सुरेख आहे मामाची साडी. मुक्तानं सरळ माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर मी लोकांच्या डोळ्यांत भिंग धरून बघत आलो. ओळख पटल्यावर डोळ्यात काय होतं ते मला माहीत आहे. तिच्या डोळ्यात ते झालं नाही.

"आई," तिनं हाक मारली, "दूधवाले आलेत." आणि दार लोटून घेतलं.

ताई पातेलं घेऊन लगबगीनं पायरीवर आली. नवी साडी, घामानं ओलं झालेलं कपाळ, डोळे जागरणानं आणि रडण्यानं सुजलेले. माझी ताई. "आज नगं म्हनलं हुतं," ती म्हणाली. "आलाच हायसा तर द्या. चहाला लागंल." तिनं माझ्या हातातली पिवळी साडी घेतली, दुमडून पातेल्याच्या तोंडावर पसरली आणि पातेलं पुढे केलं. मी माप बुडवलं आणि ओतायला लागलो. दूध रेशमातून झिरपून खाली पडत होतं आणि पातेल्यात पिवळसर दिसत होतं.

गुरुजींनी माइक हातात घेतला. अंतरपाट धरला गेला. पलीकडे नवरदेव हार घेऊन उभा, बाशिंगाखाली डोळे मिटलेले. त्याचं नाव मला माहीत होतं, पण त्या क्षणी आठवेना.

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," गुरुजी म्हणाले.

खुर्चीतला फेटा उठला. टॉवेल आणि नारळ खाली पडले. गुरगुर ओसरीवरून गेली, खोलीच्या दाराशी थांबली, दार उघडलं, आणि आतून मुक्ताचं हसू ऐकू आलं. मग मूठ पिळल्यासारखा आवाज चढला.

ती बाहेर आली. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. एका बाजूला पाय सोडून, सीटच्या उंचीवर ती नुसत्या हवेत बसली होती. डावा हात मांडीवर, उजवा पुढच्या खांद्यावर. खांदा नव्हता. खांद्याच्या वर फेटा होता आणि फेट्याचा शेमला मागे उडत होता.

मी सगळा जीव गोळा केला. पुढच्या क्षणी ती माझ्यासमोरून जाणार होती, हातभर अंतरावरून. मी तोंड उघडलं आणि थांब म्हणालो.

"दूऽऽध!"

मांडवातल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. एकीनं हातानंच खूण केली, नंतर या.

"दूऽऽध! दूऽऽध!"

मुक्ता माझ्या अगदी जवळून गेली. सळसळ माझ्या गुडघ्याला लागली. ती समोर बघत होती, हसत होती, आणि लहानपणी म्हणायची अगदी तसंच म्हणाली, "मामा, हळू."

आवाज हळू झाला नाही. अंतरपाट वाऱ्यानं उडून गुरुजींच्या तोंडावर आला. नवरदेवानं डोळे उघडले नाहीत, कोणीतरी उघड म्हटल्याशिवाय तो उघडणार नव्हता. लोकांनी वाजंत्र्यांकडे पाहिलं, वाजंत्र्यांनी गुरुजींकडे. कोणाचा तरी हात उठला आणि मग सगळ्यांनीच अक्षता टाकल्या. त्या मोकळ्या जागेवर पडल्या. मुक्ता मांडवाच्या कमानीखालून बाहेर पडली, रस्त्याला लागली, आणि परतणारी गुरं आवाज ऐकून बाजूला झाली.

"लांब चालली की गं," दाजी ओसरीवरून म्हणाले.

"जाऊ द्या," ताई म्हणाली. "मामा हाय न्हवं संगं."

ती वळणाकडे कान देऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं असं समाधान होतं. गावाबाहेरच्या पुलावरून जाताना आवाज घुमला. त्यानंतर एकदा, अगदी बारीक, मामा हळू असं ऐकू आलं, किंवा मला वाटलं. पातेलं काठोकाठ भरलं. पिवळी साडी वर आली आणि दुधावर फुगून तरंगू लागली. माझा हात ओतत होता. दूध ताईच्या बोटांवरून पायरीवर पडलं, पायरीवरून रांगोळीत उतरलं आणि रंग घेत घेत रस्त्याकडे निघालं. मी ताईच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती ऐकत होती, आणि बस म्हणत नव्हती.